तबकडीवर नाव नसलेले ट्रम्पेट

‘अलबेला’ 1951 मध्ये पडद्यावर आला. त्यातली गाणी आजही वरातीत आणि वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत वाजतात. त्या गाण्यांसाठी भगवानदादा आठवतात, गीता बाली आठवते, लता मंगेशकर आणि पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र आठवतात. मात्र त्या गाण्यांच्या वाद्यमेळामागे उभ्या असलेल्या एका गोवेकराचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नाही. आंतोनियो शावियर वाझ हे त्यांचे मूळ नाव. मुंबईने मात्र त्यांना ओळखले ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने.

वाझ यांचा जन्म 1916 मध्ये बार्देश तालुक्यातील हळदोण्याचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते आणि चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपीचे धडे मिळत. अशाच शाळेत वाझ यांचे संगीताचे शिक्षण झाले. रस्त्यावर रंगणाऱ्या कोकणी ‘खेळां’तूनही ते गात. मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे नेमाने मिळवावेत, अशी आईची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र संगीताकडे होता.

त्या काळात जॅझ जगभर पोहोचला तो तबकड्यांवरून. लुई आर्मस्ट्राँग यांनी 1925 ते 1928 या काळात शिकागोत ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या छोट्या वाद्यवृंदांसह केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासात पायाभूत मानली जातात. अशा छोट्या संचात गर्दीत लपायला जागा नसते. एकदा मूळ चाल वाजली की प्रत्येक वादकाने आपल्या पाळीला ती उत्स्फूर्तपणे फुलवायची असते. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून जे सांगायचे ते मोजक्या मात्रांतच सांगावे लागे. आर्मस्ट्राँग हे चिक यांचे दैवत. घोगरा आवाज, हातातला रुमाल, ट्रम्पेट उंचावण्याची लकब, सारे त्यांनी इतके आत्मसात केले की ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ ही उपाधी त्यांना कायमची चिकटली.

रंगून आणि मसुरी करीत चिक मुंबईत आले, तेव्हा या शहराला जॅझ नवा नव्हता. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद 1935 मध्येच ‘ताज’मध्ये वाजून गेला होता. त्यांच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी मुंबईकरांचे कान तयार केले होते. स्वरलिपी वाचू शकणारे गोवेकर वादक या मंडळींच्या सहवासात जॅझचे मर्म शिकले. चिक यांच्या ‘म्युझिक मेकर्स’ला 1945 मध्ये ‘ग्रीन्स हॉटेल’चे काम मिळाले आणि त्यांचे बस्तान बसले. अपोलो बंदरावरचे ते हॉटेल पुढे पाडले गेले. त्या जागी आज ‘ताज’ची मनोऱ्यासारखी नवी इमारत उभी आहे.

‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ या नावाने 78 फेऱ्यांच्या तबकड्याही निघाल्या. त्या तबकड्यांवर त्यांचे नाव छापलेले होते, पण त्या ऐकणारा वर्ग मर्यादित होता. देशभर पोहोचला तो त्यांचा दुसरा आवाज, आणि त्या तबकड्यांवर त्यांचे नाव नव्हते.

मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा 1949 मध्ये आला आणि हॉटेलांतील रात्रींचा रंग उतरू लागला. याच सुमारास चित्रपटसंगीताला मोठ्या वाद्यमेळाची आणि परदेशी ठेक्यांची ओढ लागली होती. संगीतकाराच्या मनात चाल असे. ती स्वरलिपीत उतरवून कोणत्या वाद्याने काय वाजवायचे हे ठरविणारा माणूस हवा असे. गोव्याच्या चर्चशाळेत मिळालेली विद्या इथे कामी आली. चिक सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले, पुढे मदन मोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले. दोन कडव्यांमधल्या काही मात्रा एवढीच जागा ट्रम्पेटला मिळे. तीन मिनिटांच्या जॅझ तबकडीवर घडलेल्या वादकाला तेवढी पुरे. ‘अलबेला’तील एका गाण्यात तर चिक आणि त्यांचे साथीदार झालरीच्या लॅटिन पोशाखात पडद्यावरच अवतरले.

चित्रपटगीतांच्या तबकडीवर गायकाचे, संगीतकाराचे नाव असे. वादकाला त्या दिवसाचे मानधन मिळे आणि त्याचा हिशेब तिथेच संपे. चिक यांनी ‘नादान’ (1951), ‘रंगीली’ (1952) आणि ‘कर भला’ (1956) या चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीत दिले. तरीही संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही.

चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मध्ये (1966) नाइटक्लबच्या एका प्रसंगात ट्रम्पेट वाजविणारे चिक दिसतात. त्यानंतर वर्षभरातच, मे 1967 मध्ये, त्यांचे निधन झाले. वय होते अवघे 51.

नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे मुंबईच्या जॅझचा इतिहास सांगणारे पुस्तक 2012 मध्ये आले. त्यासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडीही होती. संग्राहकांनी जपलेल्या तबकड्यांमुळे तो काळ पुन्हा कानी पडू लागला आहे. पण चिक यांचे सारे वादन एकत्र करायचे, तर केवळ त्यांच्या नावाच्या तबकड्या गोळा करून भागणार नाही. पन्नाशीच्या दशकातील चित्रपटगीतांत, दोन कडव्यांच्या मधल्या जागेतही त्यांना शोधावे लागेल. ती गाणी घरोघरी आहेतच, फक्त शब्द थांबतात तिथे कान द्यायला हवा.