नालवाडीचे विनोबा

वर्धा शहराच्या लगत नालवाडी नावाचे गाव आहे. इ. स. १९३२ च्या डिसेंबर महिन्यात कृश शरीराचे एक विद्वान गृहस्थ तेथे राहावयास आले. गावात मुख्यत्वे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गरीब लोकांची वस्ती होती. अशा गावी हे गृहस्थ दिवसाचे कित्येक तास सूत कातीत बसत. आचार्य विनोबा भावे ते हेच.

विनोबांचे मूळ नाव विनायक. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. हे गाव तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आहे. पुढे बडोद्यास त्यांचे शिक्षण झाले. गणिताची त्यांना विलक्षण आवड होती आणि स्मरणशक्तीही तीव्र होती. परंतु केवळ नोकरीसाठी शिकणे त्यांना रुचेना. एके दिवशी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. इ. स. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायक वाटेत सुरतेस उतरले आणि ज्ञानाच्या ओढीने काशीस गेले. त्याच वर्षी अहमदाबादेस महात्मा गांधींच्या आश्रमात ते दाखल झाले. इ. स. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले.

विनोबांच्या आईस संस्कृत येत नव्हते. गीता मराठीत वाचावयास मिळावी, अशी तिची इच्छा होती. इ. स. १९१८ मध्ये ती माउली निवर्तली. मुलाने मात्र तिची इच्छा विसरली नाही. इ. स. १९३०-३१ मध्ये वर्ध्यास राहून त्यांनी गीतेचा सोपा मराठी पद्यानुवाद सिद्ध केला. त्याचे नाव त्यांनी ‘गीताई’ असे ठेवले. त्यांची विद्वत्ता मातृभक्तीशी अशी जोडलेली होती.

नालवाडीस त्यांनी एक कठोर प्रयोग आरंभिला. सूत कातून पोट भरणाऱ्या मजुरास जी मजुरी मिळते, तेवढ्यातच आपण निर्वाह करावयाचा, असे त्यांनी ठरविले. टकळी आणि चरखा यांवर ते तासन् तास कातीत. कातता कातता विद्यार्थ्यांना शिकवीत. दिवसाकाठी हाती पडत अवघे काही आणे. गरिबाचे श्रम किती स्वस्त आहेत, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या बोटांनी जाणले. याच काळात, इ. स. १९३५ मध्ये, गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचे ठरविले. इ. स. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी जवळच दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. ज्यांना आप्तही दूर लोटीत, त्यांच्या जखमा ते धुऊ लागले.

परंतु या तपाची किंमत शरीरास द्यावी लागली. इ. स. १९३८ मध्ये विनोबांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आले. मित्र चिंतेत पडले. तेव्हा हट्ट न धरता विनोबा धाम नदीकाठी पवनार येथे राहावयास गेले. तेथे साऱ्या चिंता बाजूस सारून ते रोज थोडे थोडे खोदकाम करीत. हळूहळू ते वाढवीत. प्रकृती सुधारली. निश्चय करणे हा जसा गुण आहे, तसेच वेळीच मागे वळणे हाही गुणच आहे.

पवनारहून पुढचा मोठा प्रवास घडला. इ. स. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न सभेपुढे ठेवताच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. त्यातून भूदानयज्ञ सुरू झाला. सुमारे १३ वर्षे विनोबा देशभर पायी हिंडले. ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यांतील पुष्कळशी जमीन नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीही गेली नाही; तथापि केवळ विनंतीवर इतकी भूमी मिळाल्याचे उदाहरण जगात दुर्मिळच आहे.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे निधन झाले. इ. स. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान देण्यात आला.

मुलांनो, जगात विद्वान पुष्कळ असतात, कष्टाळू माणसेही पुष्कळ असतात आणि दयाळू माणसांचीही वाण नाही. परंतु विद्वानाचे हात बहुधा मऊ राहतात आणि दयाळू माणसाचा निश्चय बहुधा टिकत नाही. विनोबांच्या ठायी बुद्धी, श्रम, करुणा आणि संयम एकत्र नांदले. प्रत्येक गुणाने दुसऱ्यास बळ दिले. नालवाडीच्या त्या टकळीवर सुताबरोबर हे चारही धागे एकत्र पिळले जात होते. म्हणूनच एक कृश मनुष्य असामान्य ठरला.