पाण्यात विरलेले धन : कै. करमशीभाई सोमैया



आपल्या जिल्ह्यात प्रवास करताना साखर कारखान्याच्या धुराड्याशेजारी उभे असलेले उंच पोलादी मनोरे आपण अनेकदा पाहिले असतील. हे मनोरे कशासाठी, असे मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? ते उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, अशा एका कर्तबगार पुरुषाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

करमशी जेठाभाई सोमैया यांचा जन्म 16 मे 1902 रोजी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील मालुंजा या लहानशा गावी झाला. घराणे मूळचे कच्छचे, पण करमशीभाईंची जन्मभूमी आपलीच. तरुणपणी ते साखरेच्या व्यापारात शिरले. त्या काळी आपल्या देशात जावा बेटाची साखर मोठ्या प्रमाणावर येत असे. 1932 साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण दिले आणि ठिकठिकाणी कारखाने उभे राहू लागले. गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांमुळे आपल्याकडे ऊस होताच. करमशीभाईंनी 1939 साली गोदावरी शुगर मिल्सची स्थापना केली आणि कोपरगाव भागात साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथे कारखाने उभे राहिले. साखर विकणारा व्यापारी साखर निर्माण करू लागला.

साखर काढून झाल्यावर मागे काळी, चिकट मळी उरते. तिच्यातही भरपूर साखर असते, पण तिचे दाणे पडत नाहीत. ही मळी पाण्यात कालवून आंबवली म्हणजे तिच्यात अल्कोहोल तयार होते. मात्र शंभर भागांत ते सुमारे आठच भाग असते. बाकी बहुतेक पाणी. हे आठ भाग वेगळे कसे करावयाचे? अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळते, पाणी 100 अंशांना. मनोऱ्यात एकावर एक ताटल्या बसविलेल्या असतात. वाफ वर चढते, द्रव खाली उतरतो, प्रत्येक ताटलीवर दोघांची गाठ पडते आणि वरवर जाताना अल्कोहोल अधिकाधिक शुद्ध होत जाते. आपण पाहिलेले मनोरे ते हेच.

साकरवाडीची वाटचाल येथेच थांबली नाही. अल्कोहोलपासून रसायने बनविण्याचा उद्योग तेथे वाढला. अल्कोहोलपासून अ‍ॅसेटाल्डिहाइड व अ‍ॅसेटिक आम्ल मिळते. हेच आम्ल व अल्कोहोल यांच्या संयोगातून इथिल अ‍ॅसिटेट होते, जे शाई, रंग आणि औषधांच्या कारखान्यांना लागते. शेतकऱ्याच्या उसातून असा रसायनशास्त्राचा वृक्ष उगवला.

आता एक अवघड कोडे पाहा. अनेक रासायनिक कारखान्यांतून असे पाणी बाहेर पडते, की ज्यात शंभर किलोमागे चार-पाच किलो अ‍ॅसेटिक आम्ल विरघळलेले असते. ते ओढ्यात सोडले तर पाणी नासते आणि धनही वाया जाते. पण साध्या मनोऱ्यात ते परत मिळविणे महाग पडते. हे आम्ल 118 अंशांना उकळते, म्हणजे पाणी आधी उडते. चार-पाच किलो आम्लासाठी पंचाण्णव किलो पाण्याची वाफ करावी लागते, आणि तीही पुन्हा पुन्हा. इंधनाचा खर्च मालाच्या किमतीला खाऊन टाकतो.

शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. त्याच मनोऱ्यात उत्प्रेरक ठेवून मिथेनॉल सोडले, तर आम्लाचे मिथिल अ‍ॅसिटेट होते. ते 57 अंशांनाच उकळते, म्हणून वरून निघून जाते आणि पाणी खाली राहते. एरवी ही अभिक्रिया पाण्याच्या गर्दीत अर्ध्यावरच अडते; परंतु तयार झालेला पदार्थ लगोलग बाहेर काढला जात असल्याने ती पुढे सरकत राहते. अभिक्रिया आणि ऊर्ध्वपातन अशी दोन कामे एकाच मनोऱ्यात होतात. मिथिल अ‍ॅसिटेट बनविण्यासाठी असा मनोरा अमेरिकेत 1980 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर चालू झाला. मुंबईच्या यूडीसीटी या नामांकित संस्थेतही या विषयावर मोलाचे संशोधन झाले.

पण असा मनोरा आखणे हे अंदाजाचे काम नव्हे. ताटल्या किती, उत्प्रेरक कोणत्या उंचीवर, वरून किती द्रव परत खाली सोडावयाचा, हे सारे गणिताने ठरते. साध्या मनोऱ्यात अधिक द्रव परत सोडला की माल सहसा अधिक शुद्ध मिळतो. येथे मात्र तो प्रमाणाबाहेर गेला तर तयार माल पुन्हा अभिक्रियेच्या जागी उतरतो आणि काम उलटे होते. येथे केवळ हिंमत आणि भांडवल पुरत नाही, विद्या लागते.

करमशीभाईंनी विद्येची ही गरज ओळखली होती, असे त्यांच्या कार्यावरून म्हणावे लागते. कारखान्यात कमावलेले धन त्यांनी शिक्षणाकडे वळविले. 1959 साली मुंबईत सोमैया विद्याविहार सुरू झाले. 1983 साली तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 1991 साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. साकरवाडीच्या मुलांसाठीही शाळा झाली, आणि कोपरगावचे महाविद्यालय आज त्यांचेच नाव धारण करून आहे. 9 मे 1999 रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, दहावी झाली की मुलाला दुकानावर बसवावे, मुलीचे शिक्षण आवरते घ्यावे, असा विचार घरोघरी डोकावतो. संसाराच्या ओढाताणीत तो येतो, हे खरे. पण आपल्या दारातून दिसणारे मनोरे चालविण्यासाठी शिकलेली माणसे लागणारच आहेत. ती बाहेरून यावीत, की आपल्या घरांतून जावीत, हे आपणच ठरवावयाचे आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, रसायनशास्त्राच्या तासाला समतोल अभिक्रियेचे सूत्र कंटाळवाणे वाटले, तर साकरवाडीची मळी आठवा. जे इतरांना टाकाऊ पाणी दिसते, त्यातले चार-पाच किलो धन त्याच सूत्राने हाती लागते.