विशीत संपलेले आयुष्य, न संपलेले गणित

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातले टेंभली हे छोटेसे आदिवासी गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर गाजले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक याच गावात देण्यात आले. पुढे आधारपत्रावर क्यूआर कोडची काळी-पांढरी चौकट आली. ती मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरली की नाव, जन्मतारीख, पत्ता क्षणात पडद्यावर उमटतो. असे अ‍ॅप तयार करणारा प्रोग्रामर वाचनाची ही यंत्रणा सहसा स्वतः लिहीत नाही. दुसऱ्या कोणी तयार करून सर्वांसाठी खुली ठेवलेली ‘लायब्ररी’ तो आपल्या अ‍ॅपला जोडतो. ‘झेडएक्सिंग’ ही अशीच एक प्रसिद्ध लायब्ररी. तिच्या एका भागाच्या नावात ‘जीएफ’ ही अक्षरे आहेत. ‘गाल्वा फील्ड’, म्हणजे गाल्वाचे क्षेत्र, हा त्यांचा अर्थ. ज्याचे लेखन हयातीत बड्या विद्वानांना उलगडले नाही, त्या एव्हारिस्त गाल्वाचे हे नाव आहे.

पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी २५ ऑक्टोबर १८११ रोजी गाल्वाचा जन्म झाला. वडील उदारमतवादी विचारांचे आणि गावाचे महापौर होते. बाराव्या वर्षापर्यंत त्याला आईनेच घरी शिकवले. १८२३ मध्ये तो पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या विद्यालयात दाखल झाला. तेथे लझांद्र यांचे भूमितीचे पुस्तक हाती आले आणि बाकीच्या विषयांवरचे त्याचे लक्ष उडाले. मात्र एकोल पोलिटेक्निक या नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तो १८२८ मध्ये अनुत्तीर्ण झाला. पुढचे वर्ष त्याहून कठीण गेले. जुलै १८२९ मध्ये बदनामीच्या कारस्थानाला कंटाळून वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर लगेचच दिलेल्या त्याच परीक्षेत मुलगा पुन्हा नापास झाला.

याच सुमारास तो एका जुन्या प्रश्नाला भिडला होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची उत्तरे सूत्राने काढता येत होती. पाचव्या घाताला असे सर्वसाधारण सूत्र नाही, हे नॉर्वेच्या आबेलने सिद्ध केले होते. मग कोणते समीकरण सुटते आणि कोणते नाही, हे ओळखायचे कसे? गाल्वाने समीकरणाच्या मुळांची आपसांत अदलाबदल करून पाहिली. कोणत्या अदलाबदली चालतात, त्यांचा मिळून कसा ‘गट’ बनतो, हे पाहिले की समीकरणाचा स्वभाव कळतो, असे त्याने दाखवले. आजच्या गट सिद्धांताचा हा पाया ठरला.

हे सांगणारे त्याचे लेखन मात्र वाचले गेले नाही. १८२९ मध्ये विज्ञान अकादमीकडे दिलेले निबंध कोशी यांच्याकडे परीक्षणास गेले, पण अकादमीपुढे आलेच नाहीत. फेब्रुवारी १८३० मध्ये पारितोषिकासाठी दिलेला निबंध अकादमीचे सचिव फूरिए यांच्याकडे होता. मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि हस्तलिखित गहाळ झाले. जानेवारी १८३१ मध्ये पाठवलेला तिसरा निबंध विवेचन पुरेसे स्पष्ट नसल्याचे सांगून प्वासाँ यांनी नाकारला. गाल्वाची मांडणी अतिशय त्रोटक होती, हेही खरे. दोन विधानांमधल्या पायऱ्या तो गाळून टाकत असे.

दरम्यान १८३० च्या जुलै क्रांतीने फ्रान्स हादरला होता. गाल्वा कडवा प्रजासत्ताकवादी बनला. संचालकांवर जाहीर टीका केल्याने त्याला अध्यापक प्रशिक्षण संस्थेतून काढण्यात आले. राजा लुई फिलिपला धमकावल्याच्या आरोपातून तो सुटला. परंतु १४ जुलै १८३१ रोजी बंदी घातलेल्या तुकडीचा गणवेश घातल्याबद्दल त्याला पुन्हा अटक झाली. कैद संपवून तो एप्रिल १८३२ मध्ये बाहेर पडला आणि महिनाभरातच एका द्वंद्वात ओढला गेला. त्यामागे प्रेमप्रकरण होते की राजकारण, यावर आजही मतभेद आहेत. ३० मे रोजी पोटात गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या रुग्णालयात, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

सारे गणित त्याने आदल्या रात्रीत लिहून काढले, ही दंतकथा आहे. त्या रात्री त्याने जुन्या हस्तलिखितांत दुरुस्त्या केल्या आणि ओग्युस्त शव्हालिए या मित्राला सविस्तर पत्र लिहिले. मित्राने आणि धाकट्या भावाने कागद जपले. पुढे ल्यूव्हिल या गणितज्ञाने ते चिकाटीने अभ्यासून १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

क्यूआर कोडशी नाते आहे ते गाल्वाच्या १८३० मधील एका छोट्या लेखाचे. मोजक्याच संख्या असूनही बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांचे उत्तर त्याच संख्यांत राहील, अशा प्रणाली त्याने मांडल्या. संगणकाच्या एका बाइटला २५६ किमती असतात आणि २५६ घटकांचे असे एक क्षेत्र बनते. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी त्यावर चूक-दुरुस्तीची पद्धत उभारली. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये तयार झालेल्या क्यूआर कोडने ती वापरली. त्यामुळे चौकटीवर डाग पडला, घडी मोडली, तरी सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचे नुकसान भरून काढता येते. त्यानंतरच अ‍ॅप माहितीचे तुकडे वेगळे करून नाव आणि पत्ता आपापल्या जागी ठेवते.

आधारच्या बारा अंकांतही गाल्वाचा वारसा आहे. शेवटचा अंक व्हरहूफ पद्धतीने काढलेला तपासणीचा अंक असतो. ही पद्धत पंचकोनाच्या सममितींच्या गटावर आधारलेली आहे. क्रमांक टंकताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर चूक लगेच उघड होते.

ल्यूव्हिलने न समजलेला कागद बाजूला न टाकता त्यावर वेळ खर्च केला. तसे झाले नसते, तर हे गणित कदाचित दुसऱ्या कोणाला पुन्हा शोधावे लागले असते. आज ते लायब्ररीत तयार मिळते. ते समजून न घेताही प्रोग्रामरला वापरता येते, पण त्यासाठी कधीकाळी कोणीतरी ते नीट वाचावे लागले.