शल्यवैद्य जॉन हंटर

पायांचे मोल ते गमावण्याची वेळ आल्यावाचून मनुष्यास कळत नाही. आमच्या परळीच्या आसपास शेती, ऊसतोड व हमाली यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांचा पाय गेला तर घरची भाकरीच जाते. असा पाय वाचविण्याचा एक मार्ग ज्यांनी दाखविला, त्या जॉन हंटर यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

हंटर यांचा जन्म १७२८ साली स्कॉटलंडात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळेत त्यांचे मन रमले नाही. रानातील पशुपक्षी हेच त्यांचे ग्रंथ. १७४८ साली ते लंडन येथे वडील बंधू विल्यम यांच्या शरीररचनाशाळेत गेले, आणि त्यांच्या बुद्धीस दिशा मिळाली. पुढे काही काळ सैन्यात चाकरी करून १७६८ साली ते सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यवैद्य झाले. देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेन्नर हे त्यांचेच शिष्य होत.

१७८५ च्या डिसेंबरात त्यांनी ४५ वर्षांच्या एका गाडीवानावर उपचार केले. गुडघ्यामागील लवणीत त्याची धमनी फुगून मोठी गाठ झाली होती. ती फुटल्यास प्राणावर बेतणार, म्हणून त्या काळी बहुधा पायच कापीत. परंतु मुख्य धमनी बंद झाली तरी लहान रक्तवाहिन्या रुंदावून खालच्या भागास रक्त पोहोचवितात, हे हंटर जाणून होते. त्यांनी गाठीस हात न लावता, वर मांडीत जेथे धमनी निरोगी होती, तेथे ती बांधून टाकली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. तरी पाय जगला, आणि गाडीवान पुन्हा गाडी हाकू लागला. सुमारे सव्वा वर्षाने तो तापाने वारला. पण तोवर त्याने स्वतःच्या पायांवर उभे राहून आपली भाकर कमावली.

हंटर यांच्या स्वतःच्या हृदयाच्या धमन्या मात्र कठीण होत गेल्या. जेन्नर यांस ते आधीच उमगले होते. पण गुरूस क्लेश होतील म्हणून त्यांनी त्याची वाच्यता केली नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत वाद होऊन हंटर यांस छातीत कळ आली व तेथेच त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थ्यांनो, आज औषधांनी, फुग्याने धमनी रुंद करून किंवा रक्तास दुसरी वाट करून देऊन पुष्कळांचे पाय वाचतात. आपल्या आजोबांच्या पोटऱ्यांत चालताना गोळे येत असतील व थांबताच बरे वाटत असेल, तर ते म्हातारपण समजून सोडून देऊ नका. त्यांस वैद्याकडे न्या. तंबाखू व मधुमेह हे पायांच्या धमन्यांचे मोठे वैरी आहेत. रोगी जगला एवढ्यावर उपचाराचे काम संपत नाही. तो आपल्या कामावर व आपल्या माणसांत चालत परतला, म्हणजे ते सफल झाले. हंटर यांच्या चरित्राचा हाच बोध आम्ही घेतो.