पेशींच्या निरोपांचा मागोवा : डॉ. कमल रणदिवे

सातपुड्याच्या उतारावर आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत वाढणारे सीताफळ खान्देशवासीयांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. याच सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 मध्ये एका तरुणीने एम.एस्सी. पदवी मिळविली. पुढे वनस्पतींच्या पेशींकडून प्राण्यांच्या पेशींकडे वळून त्यांनी कर्करोगाच्या मुळाचा शोध घेण्यात आयुष्य वेचले. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी मात्र दोन्ही बाबतींत वेगळी वाट धरली. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि 1939 मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. पतीने त्यांच्या पुढील शिक्षणास मनापासून साथ दिली.

विवाहानंतर मुंबईत आल्यावर टाटा मेमोरियल रुग्णालयात विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. प्रसिद्ध हेला पेशी ज्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये प्रथम वाढविण्यात आल्या, तीच ही प्रयोगशाळा. परदेशात स्थिरावण्याचा मोह न धरता त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

स्तनांचा कर्करोग कशामुळे होतो, हा त्यांच्या संशोधनाचा केंद्रबिंदू होता. या प्रश्नाची तीन उत्तरे तेव्हा विज्ञानजगतात चर्चिली जात होती. काही जातींच्या उंदरांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसे, म्हणून आनुवंशिकतेकडे बोट दाखविले जाई. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवून दिले की, रोगप्रवण मादीची पिले दुसऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटते. म्हणजेच दुधातून काही संक्रमित होत होते. तो घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. तिसरा धागा संप्रेरकांचा होता. इस्ट्रोजेन टोचल्यास नर उंदरांतही स्तनांच्या गाठी निर्माण होतात, हे फ्रान्समध्ये 1932 मध्येच आढळले होते.

यांपैकी एकच उत्तर खरे मानून इतरांना बाजूला सारणे कमलताईंना मान्य नव्हते. आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरके यांच्या परस्परसंबंधांतूनच रोग आकाराला येतो, या दिशेने त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उंदरांच्या विविध जातींवर काम केले. संप्रेरक हा रक्तातून प्रवास करणारा निरोपच होय. तो सर्व पेशींपर्यंत पोहोचतो. परंतु ज्या पेशीत त्याला ओळखणारा ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, असतो, तीच त्याला प्रतिसाद देते. जिवंत प्राण्याच्या देहात असे असंख्य निरोप एकमेकांत मिसळलेले असतात. काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर मात्र एकेका संप्रेरकाचा परिणाम वेगळा पाहता येतो. ऊतिसंवर्धनाचे महत्त्व यात आहे.

1964 मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि 1982 मध्ये पद्मभूषण त्यांना लाभले. योगायोग असा की, 1982 मध्येच रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी उंदरांतील त्या विषाणूचे एक रहस्य उलगडले. हा विषाणू पेशीच्या एका विशिष्ट जनुकाशेजारी शिरकाव करतो आणि ते जनुक अवेळी जागे होते. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन एका पेशीकडून शेजारच्या पेशीला वाढीचा निरोप देते. फळमाशीच्या पंखांच्या घडणीस आवश्यक असणारे जनुकही याच घराण्यातील निघाले. आज ‘विंट’ या नावाने ओळखली जाणारी ही संदेशव्यवस्था प्राण्यांच्या गर्भाच्या जडणघडणीत मोलाची ठरते. शिवाय हा विषाणू स्वतःही संप्रेरकांच्या इशाऱ्याने चेतविला जातो. विषाणू, जनुक आणि संप्रेरक या तिन्ही धाग्यांची गाठ अशा रीतीने पेशीच्या आतच पडली.

कुष्ठरोगाच्या जंतूंचे संवर्धन करण्याच्या प्रयत्नांतही कमलताईंचा वाटा होता. 1966 ते 1970 या काळात त्यांनी संशोधन केंद्राच्या कार्यवाह संचालकपदाची धुरा सांभाळली. संसार आणि प्रयोगशाळा यांच्या ओढाताणीत अनेक गुणी स्त्रिया संशोधन सोडतात, हे त्या जाणून होत्या. म्हणूनच 1973 मध्ये सहकाऱ्यांसमवेत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वसतिगृह आणि पाळणाघर यांसारख्या व्यावहारिक गरजांकडेही या संघटनेने लक्ष पुरविले. निवृत्तीनंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला.

11 एप्रिल 2001 रोजी त्यांचे निधन झाले. जळगाव-धुळ्यातील एखाद्या स्तनकर्करोगग्रस्त महिलेच्या तपासणी अहवालात आज इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या ग्राहींची नोंद असते आणि संप्रेरकाचा निरोप रोखणारी औषधे द्यावीत की नाही, हे त्यावरून ठरते. संप्रेरक आणि कर्करोग यांचे नाते शोधणाऱ्या ज्या पिढीच्या परिश्रमांवर हे उपचार उभे आहेत, त्या पिढीत महाराष्ट्राच्या या कन्येचे स्थान आदराचे आहे.