मुळशीचे सेनापती

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशीच्या खोऱ्यात, एके काळी आंबेमोहोर भाताची खाचरे डुलत असत. आज तेथे अथांग जलाशय आहे. त्या पाण्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते पांडुरंग महादेव बापट १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे जन्मले. घरची गरिबी असूनही ते शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस शिकावयास गेले. तेथे परकीय सत्तेविरुद्ध भाषण केल्याने ती शिष्यवृत्ती गेली. पॅरिसमध्ये ते बाँबची विद्या शिकले, ती कथा निराळी.

मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधावे, पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरवावे आणि त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करावी, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. वीज उपयोगी, हे कोण नाकारील? परंतु तिच्यासाठी पन्नासांवर गावे बुडणार होती, आणि त्या मावळ्यांना कोणी विचारलेही नव्हते. सरकारने १८९४ च्या कायद्याचा आधार घेऊन जमिनी कंपनीस देऊ केल्या. पुष्कळ शेते पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती. त्यांना रोख मोबदला गोड वाटला. घामाने खाचरे राखणाऱ्या मावळ्याला मात्र पैसा नको, भुई हवी होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. बायकामुलांसह मावळे धरणाच्या जागी ठाण मांडून बसले. काही महिने काम थांबलेही. पण ते पुन्हा सुरू होताच धरपकडीचे सत्र चालू झाले. बापटांना वारंवार तुरुंगवास घडला. एकेक करून सोबती गळाले, सावकारांनी पैसा उचलला, तरी त्यांनी खोरे सोडले नाही. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी कंपनीच्या मजुरांची आगगाडी सशस्त्र अडविली. हा मार्ग अनेकांना रुचला नाही, आणि त्यात नवल नाही. बापटांनी मात्र केले ते लपविले नाही. सात वर्षांची शिक्षा त्यांनी शांतपणे स्वीकारली.

१९३१ साली ते सुटले, तेव्हा धरण पुरे होऊन खोरे भरले होते. भिऱ्याच्या वीजगृहातील वीज मुंबईस पोहोचली होती आणि मावळे वाट फुटेल तिकडे पांगले होते.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही बापट अग्रभागी राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते निवर्तले. मुळशीने दिलेली सेनापती ही पदवी तोवर त्यांच्या नावाचाच भाग झाली होती.