शाहीर होनाजी आणि त्यांची अमर लावणी

उत्तर पेशवाईत पुण्यात नावारूपास आलेले शाहीर होनाजी यांचे पुण्यस्मरण या स्मरणिकेच्या द्वारे करताना आम्हांस धन्यता वाटते.

होनाजी सयाजी शिलारखाने हे आपल्या गवळी ज्ञातीतील. दूधदुभत्याचा व्यवसाय कुळाचा, परंतु कवित्वही घरचेच. त्यांचे आजोबाही शाहीर होते. होनाजींनी रचना करावी आणि त्यांचे स्नेही बाळा कारंजकर यांनी ती गोड गळ्याने गावी, असा क्रम होता. बाळा हे शिंपी. दोघांची नावे इतकी एकजीव झाली की, होनाजी बाळा हा एकच पुरुष असावा, असा पुष्कळांचा समज होतो.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा या जोडीस आश्रय होता. लावणी रागदारीत बांधून ती बैठकीत आणण्याचे मोठे श्रेय होनाजींस दिले जाते. १८१८ साली पेशवाई बुडाली, दरबार गेला. लावणी मात्र लोकांच्या ओठी राहिली.

‘लटपट लटपट’ ही त्यांची शृंगारिक लावणी कोणास ठाऊक नाही? प्रियेची ठसकेबाज चाल व मंजुळ बोलणे हाच तिचा विषय. पहिल्याच शब्दांच्या नादात ती चाल ऐकू येते. म्हणूनच ती एकदा ऐकणारा सहसा विसरत नाही. १९५१ साली व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ या होनाजींच्या जीवनावरील चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीतात लता मंगेशकरांनी ती गायिली, आणि ती घरोघरी पोहोचली.

येथे एक गोष्ट नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. एके काळी अनेक प्रतिष्ठित घरांत लावणीचे नाव काढणे वर्ज्य होते. ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी मात्र अशाच घरांत भक्तिभावाने ऐकली जाई. दोन्हींचा कर्ता एकच, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येई. भूपाळीचे होनाजी आपले म्हणावयाचे आणि लावणीच्या होनाजींविषयी संकोच बाळगावयाचा, हे कृतघ्नपणाचे होईल.

तसेच, होनाजींचा अभिमान मिरविताना बाळांचा विसर पडू नये. शब्द आपल्या घरचे असले तरी त्यांस कंठ लाभला तो दुसऱ्या ज्ञातीतील मित्राचा. ही जोडी ज्ञातीच्या कुंपणात राहिली असती, तर आज आपणांस अभिमान बाळगावयास काय उरले असते? ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी आपल्या मुलाबाळांस हे गीत ऐकवावे आणि ही दोन्ही नावे सांगावीत, एवढीच आमची नम्र विनंती.